दगडाआडची लेकरं
कचारगड : देऊळ नसलेल्या देवीची यात्रा

गोंदियाहून रायपूरच्या दिशेने निघालेली गाडी गुदमा, आमगाव, धानोली करत सालेकशाला येते, तोवर खिडकीबाहेर फक्त धानाच्या बांध्या असतात. सालेकसा सुटलं की जमीन चढायला लागते. साग, ऐन, मोह आणि बांबूचं रान रुळांच्या जवळ येतं आणि दरेकशाच्या आसपास गाडी चक्क डोंगरात शिरते. पुढे बोरतलाव, पानियाजोब आणि मग डोंगरगड. मधेच कुठेतरी महाराष्ट्र संपून छत्तीसगड लागलेलं असतं. डब्यातल्या बोलण्यावरून मात्र ते ओळखू येत नाही. मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गोंडी हा सगळा ऐवज गोंदियालाच डब्यात चढलेला असतो.

नवरात्रात या मार्गावरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांना उतरायचं असतं डोंगरगडला, बम्लेश्वरीच्या दर्शनाला. सुमारे सोळाशे फूट उंचीच्या डोंगरावर मोठी बम्लेश्वरी आणि पायथ्याशी धाकटी. वर जायला हजाराहून जास्त पायऱ्या. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी रोपवे. चैत्रात आणि आश्विनात मनोकामनेच्या ज्योती हजारोंनी तेवतात. गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत लग्न ठरलं, मूल झालं, नोकरी लागली की पहिला नारळ या डोंगराला जातो. जिल्ह्याच्या स्वतःच्याही डोंगरदेवता आहेतच. गोरेगाव तालुक्यातल्या मांडोदेवीला दोन्ही नवरात्रांत अशीच रीघ लागते.

पण माघ पौर्णिमेला ही गर्दी डोंगरगडच्या तीन ठाणी अलीकडेच उतरते. एरवी पॅसेंजर गाड्यांपुरतं जागं असणारं दरेकसा स्टेशन त्या दिवसांत पिवळ्या दुपट्ट्यांनी भरून जातं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा अशा अनेक राज्यांतून गोंड आणि इतर आदिवासी लाखोंच्या संख्येने इथे येतात. पाच दिवसांच्या या कोया पूनेम महोत्सवासाठी सगळ्यांची पावलं धनेगावकडे आणि धनेगावच्या माथ्यावरच्या कचारगडकडे वळतात. तिथे शिखर नाही, गाभारा नाही, सोन्याचा मुखवटा नाही. एक गुहा आहे, आणि एका आईची गोष्ट आहे.

डोंगर आणि गुहा

लेणी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अजिंठा-वेरूळ येतं, कार्ले-भाजे येतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात माणसाने छिन्नीने कोरून काढलेल्या त्या खोल्या. कचारगडचं तसं नाही. मुळात हा दगडच वेगळा. डोंगरगडच्या भोवतीचा हा सगळा पट्टा ग्रॅनाइट आणि पुरातन ज्वालामुखीजन्य खडकांचा आहे, आणि त्यांचं वय दोन अब्ज वर्षांहून जास्त. सह्याद्रीचा बेसाल्ट त्यांच्यापुढे कालचं पोर. या गुहेला छिन्नी लागलेली नाही. जे आहे ते निसर्गाने पोखरलेलं.

धनेगाव हे पायथ्याचं छोटं गाव. तिथून वाट रानात शिरते. माघात इथलं रान मोठ्या मजेशीर अवस्थेत असतं : सागाची पानं वाळून पायाखाली कुरकुरत असतात, मोहाला अजून फुलं यायची असतात आणि पळसाला नुकतेच कळे धरलेले असतात. चढावर ठिकठिकाणी श्रद्धेची ठाणी लागतात. कुठे लिंगोचं, कुठे जंगो रायताडचं; दोघांची गोष्ट पुढे येतेच. लोक थांबतात, हळदीने पिवळ्या केलेल्या तांदळाचा टिळा लावतात, ‘जय सेवा’ म्हणतात आणि पुढे चालू लागतात. वर पोचलं की डोंगराने मोठा जबडा उघडावा तशी गुहा समोर येते. आत गारवा असतो. छताला पडलेल्या भगदाडातून उजेडाचा झोत खाली उतरतो आणि त्या झोतात चुलीचा नव्हे, धुपाचा निळसर धूर तरंगत असतो.

‘आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ असं तिचं वर्णन फलकांवर, बातम्यांत, पर्यटनाच्या पत्रकांत हमखास सापडतं. मोजपट्टी घेतली तर हे बिरुद टिकणारं नाही. व्हिएतनाममधली सोन डूंग गुहा काही किलोमीटर लांब आहे आणि तिच्या पोटात उंच इमारती उभ्या राहतील. पण कचारगडला हे उसनं बिरुद हवंच कशाला? इथे येणारा माणूस गुहेची लांबी-रुंदी बघायला येत नाही. त्याचे पूर्वज या गुहेत कोंडले गेले होते आणि इथूनच बाहेर आले, असं तो मानतो. आपल्या जन्मखोलीचं क्षेत्रफळ कोणी विचारत नसतं.

आईची गोष्ट

गोष्ट सांगणारा बदलला की तपशील बदलतात, पण कणा तोच राहतो. माता काली कंकालीची लेकरं होती, तेहतीस. अचाट, अवखळ, कोणाच्या आवरण्यात न येणारी. त्यांच्या दांडगाईला वैतागून शंभूने त्यांना कचारगडच्या गुहेत घातलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटली. आई लेकरांसाठी झुरू लागली. जंगो रायताड ही त्या पोरांना माया लावणारी दुसरी आई; तिचाही जीव कासावीस झाला. अखेर पारी कुपार लिंगो पुढे झाला. शिळा नुसत्या बळाने हलणारी नव्हती. मग लिंगोबरोबर आलेल्या हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी छेडली. त्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ संचारलं, त्यांनी आतून जोर लावला आणि शिळा सरली. लेकरं बाहेर आली. पण घरंगळलेल्या शिळेखाली हिरासुका चिरडला गेला. सुटलेल्या पोरांना लिंगोने शहाणं केलं, सगा, म्हणजे कुळांचे गट, आणि गोत्रं वाटून दिली, कोणी कोणाशी सोयरीक करायची याचे नियम घालून दिले. तोच कोया पूनेम, म्हणजे गोंडांचा जीवनमार्ग. ही सुटका माघ पौर्णिमेची, म्हणून यात्राही माघ पौर्णिमेला.

देवीच्या कथा आपण अनेक ऐकलेल्या असतात. बहुतेकींत एक राक्षस असतो, त्रिशूळ असतो, रक्त असतं. महिषासुराचा वध होतो आणि देवीचा जयजयकार होतो. तुळजापूर, कोल्हापूर, सप्तशृंगी या सगळ्या ठिकाणी मारणाऱ्या देवीची गाथा आहे. कचारगडच्या मायने मात्र कोणाला मारलेलं नाही. शिळा हलवायची शक्तीही तिच्यापाशी नाही. तिने केलं ते एवढंच की ती लेकरांना विसरली नाही. तिची तळमळ होती म्हणून लिंगो आला, किंगरी वाजली, दगड हलला. पराक्रम इतरांचा, पण पराक्रमाचं कारण ती.

पाद्र्याच्या वहीतलं गाणं

ही गोष्ट कागदावर पहिल्यांदा उतरली ती नागपुरात. स्कॉटलंडहून आलेला मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ पासून नागपुरात होता. शाळा चालवायचा, खडक आणि जीवाश्म गोळा करायचा आणि गोंडांच्या भाषेचे, चालीरीतींचे टिपण करायचा. गोंडांचे परंपरागत गायक म्हणजे परधान. त्यांच्या तोंडून त्याने लिंगोचं दीर्घ गाणं टिपून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीच्या पुराने फुगलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडून गेला. त्याची टिपणं मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली. पुढे १८७१ मध्ये जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या मध्य भारतावरच्या पुस्तकात या गाण्याला इंग्रजी पद्याचा पेहराव चढवला, तोही लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर. परधानाचं गाणं असं अमेरिकी छंदात जाऊन बसलं.

हिस्लॉपच्या पाठात आणि आजच्या कचारगडच्या गोष्टीत बराच फरक आहे. तिथे गोंडांना कोंडणारा महादेव आहे, कारण त्यांच्या अंगाचा वास त्याला खपत नाही. गुहा धवलगिरीची, म्हणजे दूर हिमालयातली. त्यातून निसटलेले चार गोंड ज्या लाल डोंगरांच्या मुलखात येतात त्याचं नाव काचीकोपा लोहागड. आज कचारगडला तोच काचीकोपा लोहागड मानलं जातं आणि गुहाही इथलीच ठरली आहे. हे नेमकं कधी आणि कसं घडलं यावर अभ्यासक भांडू शकतील. पण दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट लक्षात येते. हिस्लॉपच्या गाण्यातही सुटकेला सुरुवात होते ती एका बाईच्या हुरहुरीपासून. गोंड दिसेनासे झाले, त्यांचा तो वास येईनासा झाला म्हणून पार्वती बेचैन होते, उपास धरते, आणि त्या तपामुळे पुढे लिंगोचा जन्म होतो. नवऱ्याला जो वास नकोसा झाला, त्याच वासासाठी बायको झुरते. नाव पार्वती असो की काली कंकाली, कथेचं चाक आईच्याच काळजाने फिरतं.

कारकुनांनी शोधलेला गड

कचारगड जवळपासच्या गावांना ठाऊकच होता. पण अनेक राज्यांतल्या लोकांची यात्रा म्हणून त्याचा इतिहास अलीकडचा, १९८०च्या दशकापासूनचा. तो घडवणारी माणसं राजे नव्हती, महंत नव्हती. त्यांत मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) हे एक ठळक नाव. रामटेककडचे. नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत त्यांनी गोंडी भाषा, लिपी, मिथकं आणि धर्मविचार यांवर आयुष्यभर लिहिलं. पारी कुपार लिंगोच्या तत्त्वज्ञानावरचं त्यांचं पुस्तक आज यात्रेकरूंच्या पिशवीत दिसतं. त्यांच्याबरोबर सुन्हेरसिंह ताराम होते, ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक. अशा नोकरदार, लिहित्या-वाचत्या मंडळींनी माघ पौर्णिमेला मूठभर माणसांना घेऊन हा डोंगर चढायला सुरुवात केली. आता तिथे लाखो येतात.

‘म्हणजे ही यात्रा नवीच की!’ असं म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांना दोन गोष्टींची आठवण द्यावी. आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका पालखीत घालून दिंड्यांच्या शिस्तीने पंढरपूरला नेण्याची आजची पद्धत हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. वारी कितीतरी जुनी. तिचं आजचं रूप मात्र दोनशे वर्षांच्या आतलं. सार्वजनिक गणेशोत्सव तर १८९०च्या दशकातला. कुठल्याही यात्रेला कोणीतरी पहिल्यांदा निघालेलं असतं. फार काळ लोटला की त्या पहिल्या माणसाचं नाव पुसतं आणि आपण त्याला ‘अनादी’ म्हणतो. कचारगडच्या बाबतीत ते नाव अजून पुसलेलं नाही, इतकंच.

“किती देवे?”

यात्रेत पायथ्याशी दुकानांची रांग असते. चिवडा, जिलबी, खेळणी हे कुठल्याही जत्रेतलं. पण इथे सर्वांत जास्त माणसं रेंगाळतात ती पुस्तकांच्या आणि तक्त्यांच्या दुकानांपाशी. हे दृश्य ओळखीचं वाटतं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी पुस्तकांपुढे अशीच झुंबड असते. कचारगडच्या तक्त्यांवर आडनावं छापलेली असतात. मडावी, उईके, कुमरे, टेकाम, मरकाम, आत्राम, सयाम, मरसकोल्हे, धुर्वे, वट्टी. आडनावापुढे त्याचे देव किती, त्याचं झाड कुठलं, प्राणी कुठला, पक्षी कुठला याचा तपशील. बोट एकेका ओळीवरून खाली सरकत जातं आणि एका जागी थांबतं. मग बाप पोराला वाकवून दाखवतो : हे आपण.

दोन अनोळखी गोंड भेटले की एक प्रश्न ठरलेला : “तुम्ही किती देवे?” चार, पाच, सहा की सात? समान देवांची माणसं एकमेकांची भाऊबंद; त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक जुळवायची ती वेगळ्या संख्येच्या देवांत. टेकामांनी साग तोडायचा नाही, मरकामांनी आंब्याला कुऱ्हाड लावायची नाही, असे परंपरेचे दंडक. कोया पूनेमच्या मांडणीप्रमाणे गोत्रं साडेसातशे, आणि प्रत्येकाकडे एक झाड, एक प्राणी, एक पक्षी राखायला दिलेला. म्हणजे सगळे मिळून सव्वादोन हजार जीव समाजाने वाटून घेतलेले. वनखात्याचे नियम यायच्या कितीतरी आधीचा हा बंदोबस्त. चंद्रपूर-गडचिरोलीपासून मंडला-बालाघाटपर्यंत मोटारसायकलींच्या मागे, घरांच्या दारांवर जो ‘७५०’ हा आकडा रंगवलेला दिसतो, त्याचा उलगडा इथे होतो.

या सगळ्या गजबजाटात एक विसंगती लपत नाही. लाऊडस्पीकरवरून येणारी भाषणं बहुतांशी हिंदीत असतात. आदिलाबादचा गोंड तेलुगू वळणाची गोंडी बोलतो, बस्तरची गोंडी निराळी, आणि नागपूर-भंडाऱ्याकडच्या कित्येक घरांतून ती आजी-आजोबांबरोबरच गेली. देशात गोंडांची संख्या सव्वा कोटीहून अधिक. पण २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे भरले तीस लाखांच्या आतबाहेर. लिपीचे प्रयत्न झाले. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली; ती जगाच्या संगणकी लिपिसंचात, युनिकोडमध्ये, २०१७ साली दाखल झाली. तिथपर्यंत पोचायला जवळपास शंभर वर्षं लागली. यात्रेतल्या दुकानांत या लिपीची मुळाक्षरं मिळतात. ती विकत घेणाऱ्यांत पोरांपेक्षा पोरांचे आईबाप जास्त असतात. आपल्या हातून सुटलेलं मुलांच्या हाती लागावं ही धडपड त्यात दिसते.

एक डोंगर, दोन नावं

कंगालींनी आणखी एक काम केलं, आणि ते वादाचं ठरलं. मध्य भारतातल्या मोठमोठ्या देवींवर त्यांनी स्वतंत्र पुस्तकं लिहिली. डोंगरगडची बम्लेश्वरी ही बम्लाई दाई, कोराडीची जगदंबा ही तिलका दाई, चंद्रपूरची महाकाली ही काली कंकाली, दंतेवाड्याची दंतेश्वरी ही वेनदाई. ज्या देवळांत आज आरत्या आणि अभिषेक चालतात, ती मुळात गोंडांच्या आयांची ठाणी आहेत, असा त्यांचा दावा. डोंगरगडची रूढ कथा राजा विक्रमादित्य, कामकंदला नर्तकी आणि माधवानल यांची. त्या कथेत गोंड कुठेच नाहीत. कंगालींचं म्हणणं होतं की कथेतून माणसं वगळली जातात आणि मग डोंगरावरूनही वगळली जातात.

प्रत्येक दाव्याला पुरावा सारखाच भक्कम आहे असं नाही. मिथकाचा अर्थ लावताना कंगाली कधी कधी फार लांब उडी घेतात. सिंधू लिपी त्यांनी गोंडीतून वाचली, ते बहुसंख्य लिपितज्ज्ञांनी स्वीकारलेलं नाही. तरी त्यांचा मूळ प्रश्न राहतोच. देवगड, चांदा, गढा-मंडला इथे शतकानुशतकं गोंडांची राज्यं होती. नागपूर वसवलं ते देवगडच्या बख्त बुलंद शाहने. अशा मुलखातल्या डोंगरदेवींचा गोंडांशी काहीच संबंध नसेल, असं मानणं जास्त धाडसाचं.

गावपातळीवर या वादाला एवढी धार नसते. आश्विनात डोंगरगडला ज्योत लावणारी बाई माघात कचारगडला येते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. या जिल्ह्याला अशी सरमिसळ नवी नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडच्या डोंगरावर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि त्याच गडावरच्या दर्ग्यालाही भाविक माथा टेकतात. गोंडांतच दोन प्रवाह आहेत. एकांना वाटतं आम्ही हिंदूच, फक्त आमची देवी रानातली. दुसरे ठामपणे सांगतात की आम्ही वेगळे. आमचा देव फडापेन, आमचा मार्ग कोया पूनेम. यात्रेच्या व्यासपीठावरून दुसरा सूर मोठा ऐकू येतो. २०११च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘गोंड’ किंवा ‘गोंडी’ असं लिहिणारे दहा लाखांच्या आसपास होते. आता २०२७ची जनगणना तोंडावर आहे आणि आदिवासी धर्मासाठी स्वतंत्र रकाना हवा ही मागणी पुन्हा जोर धरते आहे.

आईची ओढ असलेलं असंच आणखी एक ठाणं महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर आहे. केरामेरीजवळच्या महाराजगुड्यात जंगूबाईचं गुहेतलं स्थान. पुस महिन्यात दोन्ही राज्यांतले गोंड तिथे जातात. तिथेही गुहा, तिथेही आई. या मुलखात देवीला घर बांधून देण्याची घाई कोणाला झालेली दिसत नाही.

आता पुढे

दरेकसा हे नाव बाहेरच्या जगाने बरीच वर्षं नक्षलवाद्यांच्या दलमामुळे ऐकलं. आता पर्यटनामुळे ऐकू येतं. रुळांजवळच्या हाजरा धबधब्यावर पावसाळ्यात सहलींची गर्दी असते आणि त्यातले काहीजण कचारगडही ‘करून’ जातात. लाखोंची यात्रा म्हटल्यावर पाणी, संडास, दवाखाना, सुरक्षित वाट हवीच; या सोयींना नाही म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या यात्रेकरूंवर अन्याय. प्रश्न आहे तो त्यापुढचा. एकदा निधी येऊ लागला की सिमेंट थांबत नाही. सभामंडप येतो, कमान येते, दानपेटी येते, तिचा हिशेब ठेवणारी समिती येते आणि समितीत कोण यावरून भांडण येतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या देवस्थानांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास कोर्टाच्या फायलींत वाचायला मिळतो.

कचारगडला अजून दार नाही, त्यामुळे किल्ली नाही, आणि किल्ली नाही म्हणून मालकही नाही. मडावी असो की मरकाम, सहा देवे असो की सात, मायच्या पुढ्यात कोणाला पुजाऱ्याची परवानगी लागत नाही. शिळा हटली ती हे तोंड उघडं राहावं म्हणून. गुहेपाशी काय बांधायचं, किती बांधायचं हे ठरवताना यात्रेच्या आयोजकांनी आणि सरकारी खात्यांनी गुहेची हीच गोष्ट एकदा नीट ऐकावी. ज्या आईची लेकरं दगड लोटून कोंडली गेली होती, तिच्या दारात पुन्हा कसलाही अडसर घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.